पिल्लांच्या नावाचा उपवास

आमच्या घरी चूल होती, पण ती फारशी पेटत नसे. आमच्या ह्यांचा कच्च्या आहारावर विश्वास होता. विस्तवाची आच लागली की अन्नातला प्राण निघून जातो, असं ते म्हणत आणि वर माझ्याकडे असं पाहत, की जणू तो प्राण घ्यायला मीच चुलीपाशी टपून बसले आहे. भिजवलेली मटकी, किसलेला दुधी, कच्ची भेंडी, वर लिंबू. माहेरची माणसं आली की दोन दिवसांत कोणाला तरी गावची तार आल्याची आठवण होई.

वर्ध्यात तेव्हा हे वेड काही एकट्या आमच्या घरात नव्हतं. गावाबाहेरच्या ज्या संस्थेत हे शिकवत, तिथे प्रत्येकाचा काही ना काही प्रयोग चाललेला असे. कोणी मीठ सोडलेलं, कोणी साखर, कोणी बोलणं. सूत सगळेच कातत. संडास आमचे आम्हीच साफ करत असू आणि त्याचा आम्हाला भारी अभिमान होता. दुसरी एक रीत होती, ती मात्र मला पहिल्यापासून पटली नाही. कोणाच्या हातून चूक झाली की तो सकाळच्या प्रार्थनेत उभा राहून प्रायश्चित्ताचा उपवास जाहीर करी. मग सगळी संस्था त्या चुकीविषयी नाही, तर त्या उपवासाविषयी बोलत राही.

मी दुपारी बोरगावच्या वाटेवरच्या सफाई कामगारांच्या वस्तीत बायकांना अक्षरं शिकवायला जात असे. अक्षरं कोणाचीच फार पुढे गेली नाहीत, पण ओळखी झाल्या. त्यातली एक माझ्या आईच्या वयाची होती, तिला मी मावशी म्हणे. नगरपालिकेत कामाला. पहाटे डोक्यावर टोपली घेऊन गावातल्या संडासांचा मैला उचलायचा आणि दुपारी घरी येऊन अंगणातली डुकरं बघायची, असा तिचा दिवस. अक्षरांत तिला रस नव्हता. ती पाटी मांडीवर घेऊन मला तिच्या डुकरिणीच्या गोष्टी सांगे.

त्या वस्तीतली एक चाल मला तिच्याकडूनच कळली. सून घरात आली की सासू तिला मागे घेऊन आपली गल्ली दाखवते. हे घर, ते घर, इथलं मागचं दार कुठे, तिथलं कुत्रं कसं. त्यानंतर टोपली सुनेच्या डोक्यावर जाते. मावशीच्या मुलाचं लग्न पुलगावच्या मुलीशी ठरलं होतं, उन्हाळ्यातलं. आणि मावशीनं मुलीच्या बापाला शब्द दिला होता.

“म्या त्याले जबान देल्ली हाय, बहेनजी,” ती म्हणाली. “तुह्या पोरीच्या डोक्शावर टोपली नाई येनार म्हनलं. आता डुकरी व्याली. पिलं मोठी झाली का काही इकतो, दोन माद्या ठेवतो, अन् डुकराचाच धंदा करतो. मंग टोपली देतो फेकून.”

आदल्या वर्षी शेजारच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती आणि त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. मावशीच्या मनात ते सारखं असे. “त्याहिनं सोडलं ना? मंग आपुन काऊन नाई?” असं ती मलाच विचारे, जणू मी तिला अडवून धरलं होतं. तिची सगळी भिस्त त्या पिल्लांवर होती, एवढं मला स्पष्ट ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सगळं मला अजून टोचतं.

त्याच सुमारास कोणा हितचिंतकानं संस्थेला सोयाबीनची पोती पाठवली. आज सेलू-केळझरच्या रस्त्यानं गेलं तर दोन्ही बाजूंनी सोयाबीनच दिसतं, पण तेव्हा आमच्याकडे कोणी ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. गरिबांचं दूध, गरिबांचं मांस, असं पत्रात लिहिलं होतं म्हणे. ह्यांनी ताबडतोब ते भिजवून कच्चं खायला घेतलं आणि मलाही दिलं. त्या आठवड्यात आम्हा दोघांच्या पोटांनी जे काही केलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे म्हणाले, शरीरातला जुना मळ बाहेर पडतो आहे. मी म्हटलं, मळ तुमचा पडू द्या, माझा आहे तिथे बरा आहे. माझ्या वाटचं मी गुपचूप शिजवून खाल्लं आणि ते मला पचलं.

उरलेली पोती संस्थेच्या बैलघाणीवर गेली. तेल निघालं ओंजळभर, ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, मात्र ढीगभर. आता तिचं करायचं काय? मीच म्हटलं, मावशीच्या पिल्लांना देऊ. पिल्लं नुकतीच आईपासून तोडली होती, कारण डुकरीण अगदी खंगली होती आणि तिचं दूध आटलं होतं. ह्यांना कल्पना फार आवडली. गावातला उकिरडा न खाता स्वच्छ अन्नावर वाढलेलं डुक्कर! मग ते डुक्कर शेवटी कापायलाच जाणार, तेव्हा त्याला पोसण्यात हिंसेचा वाटा येतो की काय, यावर त्यांनी एक संध्याकाळ घालवली. येत नाही, असं ठरलं.

मी ढेपेचा एक खडा फोडून तव्यावर भाजायला घेतला. हे आत आले.

“हे काय?”

“भाजते. कच्चं आपल्याला सोसलं नाही, ती तर एवढीएवढी पिल्लं.”

“जनावरं कधी शिजवून खातात का?” हे म्हणाले. “घाणीची ढेप आहे, गिरणीची नाही. आच न लागलेली. तिचं सत्त्व तू तव्यावर जाळणार?”

मी रागारागानं तवा उतरवला आणि ढेप तशीच टोपलीत भरून वस्तीत नेऊन दिली. भांडणाचा कंटाळा आला होता, हे खरं कारण. आमच्या घरात दुधीवरून भांडण, मिठावरून भांडण. ढेपेवरून आणखी एक कशाला, असं मनात आलं. माझं पोट मला जे सांगत होतं, ते मी त्या कंटाळ्यापायी ऐकलं नाही.

मावशीनं ढेप पाण्यात कालवून पिल्लांपुढे ठेवली. पिल्लं अशी तुटून पडली, की तिला हसू आवरेना. एकमेकांच्या अंगावर चढून खात होती. “पाहा, बहेनजी, दूध इसरली!” ती म्हणाली. तिनं आणखी कालवली. मीही हसत होते. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर त्यांनी मान डोलावली, त्यांना ते आधीच ठाऊक होतं तशी.

पुढच्या खेपेला गेले तर कोणी पाटी घेऊन बसलं नव्हतं. मावशी अंगणात उकिडवी बसली होती.

“काही उठूनच नाई राह्यली. मांगून नुसतं पानी जाऊन राह्यलं,” ती म्हणाली.

पिल्लांची पोटं फुगली होती आणि मागच्या मांड्या पिवळ्या पाण्यानं माखल्या होत्या. डोळे आत गेलेले. शेपट्या लोंबत होत्या. एक कडेला वेगळं पडलं होतं, ते मेलेलं होतं आणि ते मला आधी कळलंच नाही.

मी तशीच गावात जाऊन ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आले. भला माणूस. डुकरासाठी बोलावलं म्हणून नाक मुरडलं नाही. त्यांनी तरटावर मेलेलं पिल्लू ठेवून पोट उघडलं आणि आतडं दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. ते इतकं पातळ झालं होतं, की पलीकडचा उजेड दिसत होता. चिरलं तर आत पाणी आणि आमची ढेप, गेली होती तशीच्या तशी.

“कच्ची दिली?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

“आईचं दूध तुटलं की पिल्लाचं पोट आधीच नाजूक होतं. आतड्याला नव्या खाण्याची सवय नसते. त्यावर हे. या दाण्यात असं काही असतं, की पोटातला पाचक रस चालतच नाही. भाजलं, शिजवलं की ते जातं. अन् शिजवून दिली तरी ही पाटीभर नाही द्यायची, बाई. चिमूट-चिमूट वाढवत न्यायची. कोवळ्या आतड्याला ती एकदम मानवत नाही.” मग ते मावशीकडे वळले. “आता ढेप बंद. तांदळाची पातळ पेज, कोमट, मीठ टाकून. घोट-घोट, पण दिवसभर. मधे खंड नाही पडू द्यायचा.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मावशीला म्हटलं, “चूक आमची आहे, मावशी.”

“तुमची कायची? मीच हावरट झाली,” ती म्हणाली. “खाऊन राह्यली तं अजून टाकली, अजून टाकली. सुनेच्या पाई घाई झाली मले.” आणि ती स्वतःच्याच कपाळावर तळहात मारून घेऊ लागली. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला ते परवडलं असतं.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं, आतड्यासकट. त्यांचा चेहरा उतरला होता, तो खराच उतरला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. वाईट माणूस नव्हता तो. मी वाट पाहत होते, की आता म्हणतील, चल, आपण पेज घेऊन जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेत ते उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, की माझ्या अज्ञानामुळे एका गरीब भगिनीची हानी झाली आहे, तिचं मन निवळेपर्यंत मी फक्त पाण्यावर राहीन.

प्रार्थनेच्या मैदानावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पण घातली, पण रागानं. मला वाटलं, चांगलं आहे, पिल्लांचं पोट बिघडलं म्हणून ह्यांनी आपलं रिकामं ठेवलं. पण त्या उपवासानं पुढे जे केलं, ते त्या सकाळी माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

बातमी वस्तीत पोचायला कितीसा वेळ? संध्याकाळी मावशी आमच्या ओट्याखाली हजर. वर या म्हटलं तर वर येईना. पदर डोक्यावर ओढून हात जोडून बसली.

“गुरुजीले सांगा ना, बहेनजी. जेवून घ्या म्हना. माह्या पिलाच्या पाई उपाशी काऊन राह्यले? म्या काही बोल लावला काय त्याहिले?”

वस्तीतली जाणती माणसं तिला बोलली होती. एवढा मोठा माणूस, त्याला काही बरंवाईट झालं तर उद्या पोलीस आपल्या दारात येतील, तू जाऊन पाय धर. म्हणून ती आली होती. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. पहाटे टोपली, तिथून अंगणात पिल्लांपाशी, आणि दुपार झाली की आमच्या ओट्याखाली. पेज घोट-घोट पाजायचे तेच तास होते.

हे खाटेवर पडून तिला म्हणत, “माई, तुमचा राग खरोखर गेला आहे का, हे आधी मनाला विचारा.”

“हाव ना, गुरुजी, गेला,” ती म्हणे.

“भीतीनं म्हणू नका.”

आता भीतीनं म्हणणार नाही तर काय? भ्यालेल्या बाईनं भ्याले नाही म्हणून सांगावं तरी कसं? मी आत येऊन ह्यांना स्पष्ट म्हटलं, “अहो, उठा आणि चार घास खा. ती इथे बसली आहे, तिकडे पिल्लं उपाशी आहेत.”

“मी तिला बोलावलेलं नाही,” हे म्हणाले. खरंच होतं ते. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

मग मी चूल पेटवली. ह्यांच्या देखत पेटवली, तांदूळ रटरटवले, मीठ घातलं आणि पेजेचं भांडं पदराखाली धरून वस्तीत गेले. मावशी आमच्या ओट्याखाली आणि मी तिच्या अंगणात, असा त्या दुपारी प्रकार झाला. तोवर दोनच पिल्लं उरली होती. दोन्ही माद्या होत्या, ठेवायच्या म्हणून तिनं मनाशी धरलेल्या. मावशीच्या मुलानं मला चिंधीची वात करून पेजेत बुडवून तोंडात कशी द्यायची ते दाखवलं आणि तो कामावर गेला.

मी पिल्लू मांडीवर घेतलं. किळस आली, खोटं कशाला सांगू? ते माझ्या लुगड्यावर घाण करत होतं आणि मी दात आवळून वात पिळत होते. हळूहळू किळस कमी झाली. पिल्लू चोखत होतं, थांबत होतं, पुन्हा चोखत होतं. समोरच्या खोलीची भिंत नव्यानं सारवली होती. दारातून आत कोनाड्यात लाल चुनरी घडी करून ठेवलेली दिसत होती, सुनेसाठी घेतलेली. तिच्याकडे पाहवेना, म्हणून मी पिल्लाकडे बघत राहिले.

दुसरं पिल्लू भिंतीशी पडलं होतं. पहिल्याचं होईपर्यंत त्याला थांबायला लावलं, माझे हात दोनच. त्याला उचलायला गेले तेव्हा ते गार लागलं. तरी मी त्याच्या जबड्यात वात घालून पाहिली. पेज तशीच बाहेर ओघळली. एरवी त्या दोघांना आळीपाळीनं कसं सांभाळायचं हे जिला ठाऊक होतं, ती आमच्या ओट्याखाली हात जोडून बसलेली होती, एका माणसानं जेवावं म्हणून.

त्याच संध्याकाळी उपवास सुटला. संस्थेतल्या वडीलधाऱ्यांना मावशीच्या येण्याजाण्याची दया आली असावी किंवा ह्यांची काळजी वाटली असावी. प्रार्थनेच्या मैदानावर ह्यांना धरून आणलं. मावशीच्या हातात मोसंबीच्या रसाचा पेला दिला. तिनं तो द्यावा आणि ह्यांनी प्यावा, असं ठरलं होतं. भंग्याच्या हातचा रस सगळ्यांदेखत प्यायचा, यात संस्थेला फार मोठी गोष्ट वाटत होती आणि त्या काळी ती नव्हती असंही मी म्हणत नाही. भजन झालं. भाषण झालं. मावशी पेला घेऊन उभी होती, रस सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. मी मधल्या गर्दीतून तिच्यापर्यंत जायला बघत होते, दुसरं पिल्लू गेल्याचं तिला सांगायला. मग थांबले. त्या वेळी सांगितलं असतं तर तिच्या हातून रस सांडला असता आणि ह्यांनी पुन्हा विचारलं असतं, तुमचा राग गेला आहे ना?

ह्यांनी रस घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांच्याच आलं. मावशीनं खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ह्यांनी तिला उठवलं आणि म्हणाले, “आज माझं मन हलकं झालं.”

परतीच्या वाटेवर मी तिला पिल्लाचं सांगितलं. ती चालता चालता थांबली.

“लाहान वाली काय?”

“हो.”

“सकाई जराशी बरी दिसून राह्यली होती,” एवढंच ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. मी तिच्यासोबत वस्तीपर्यंत गेले.

राहिलेली मादी जगली, पण वाढली नाही. आतड्यात एकदा बसलेला फटका की काय, खाई पुष्कळ आणि अंगी लागत नसे. दिवाळीनंतरची पिल्लं, होळी आली तरी ही मांजराएवढी. डॉक्टर म्हणाले, हिच्याकडून वेताची आशा ठेवू नका. मी ह्यांच्यापाशी विषय काढला, की संस्थेनं मावशीला दुसरी एक डुकरीण घेऊन द्यावी. हे विचारात पडले. कत्तलीसाठी वाढवायचं जनावर संस्थेच्या पैशानं विकत घेता येईल का, हा प्रश्न समितीपुढे गेला. समितीनं तो पुढच्या बैठकीवर ठेवला. मी माहेरच्या पाटल्या काढून देते म्हटलं, तर मावशीनं कानांवर हात ठेवले. “गुरुजीले कळलं तं पुन्हा उपाशी राह्यतीन,” ती म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

त्यानंतर मी वस्तीत शिकवायला जाणं कमी केलं. काम वाढलं, असं सांगे. लग्नाचं आमंत्रण आलं होतं, पण लग्नाच्या दिवशी मी केळझरला नणंदेकडे होते. खरं तर मी मुद्दाम गेले होते.

मे महिन्यात एका सकाळी ह्यांना गाडीवर पोचवून मी स्टेशनाकडून पायी येत होते. बाजारामागच्या बोळातून समोरून मावशी आली, हातात झाडू आणि खराटा. डोकं मोकळं होतं. तिच्या मागे चुनरी दातांत धरून एक मुलगी चालत होती. हातभर नव्या बांगड्या, पायांत जोडवी, आणि डोक्यावर टोपली.

मी बाजूला होणार, तेवढ्यात मावशीनंच मला पाहिलं. अंग चोरून भिंतीशी उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

“बहेनजी, गुरुजी बरे हायेत ना? आता जेवतात ना पोटभर?”

“जेवतात, मावशी,” मी म्हटलं.

“चांगलं झालं.” मग ती मागे वळून सुनेला म्हणाली, “ह्या गुरुजीच्या घरच्या. नमस्ते कर.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात टोपलीला होते. ती टोपली अजून तिला नीट तोलत नव्हती, म्हणून मानही तिला लववता आली नाही.